एका नंबराचे दोन धनी



एका नावाची दोन गावे आपल्या मुलखाला नवीन नाहीत. कोणी 'वेल्ह्याला चाललो' म्हणाला की ऐकणारा विचारतो, 'बुद्रुक की खुर्द?' बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. हे दोन्ही शब्द फारसीतून आले आणि आपल्या दप्तरात कायमचे बसले. नाव एक आणि गावे दोन असली की कागदात घोटाळा होतो; तो होऊ नये म्हणून नावाला लावलेली ही खूण.

टपालखात्यापुढे हाच प्रश्न साऱ्या देशाचा होता. एका नावाची अनेक गावे, पत्त्याची भाषा वेगळी, अक्षर कसेतरी. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृतचे कवी. त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. भोरचा ४१२२०६, नसरापूरचा ४१२२१३. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. तालुक्याचे नाव बदलले म्हणून पत्रावरचा आकडा काही बदलला नाही. नावात गोंधळ होईल, आकड्यात होत नाही. मात्र एक अट आहे: एक आकडा दोघांना देता कामा नये.

आता तुम्ही म्हणाल, साहेब भाताचे खत-पाणी सोडून टपालाकडे कुठे वळले? सांगतो. मी या दोन तालुक्यांत पुष्कळ वर्षे फिरतो आहे. पूर्वी घरात शिरलो की पेरणीचे आणि पाण्याचे प्रश्न येत. आता चहाबरोबर हाही प्रश्न येतो, "साहेब, वाय-फाय चालू आहे पण प्रिंटर छापत नाही. गोठ्यातला कॅमेरा मधेच दिसतो, मधेच जातो. काय करावं?" सामान बदलल्यावर होणारा हा बिघाड दुकानदाराच्या खिशात पैसे घालतो, आणि घरातल्या माणसांत विनाकारण तेढ आणतो. म्हणून आज त्यावर लिहितो.

घरातले टपाल

इंटरनेटच्या तारेतून किंवा हवेतून जी माहिती येते-जाते ती लहान लहान पाकिटांत बांधलेली असते. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. तो पत्ता म्हणजे चार आकड्यांचा एक नंबर, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीने असे सुमारे ४२९ कोटी नंबर होतात. त्या काळी वाटले, हे कधी संपायचे नाहीत. पण जगभर यंत्रे वाढली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. (पुढे लांब नंबरांची नवी पद्धत आली, ती हळूहळू रुळते आहे.)

नंबर पुरवून वापरायचे म्हणून एक तोड आधीच काढलेली होती. १९९६ साली ठरलेल्या नियमांत काही नंबर केवळ घरगुती आणि कचेरीच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर त्यांतलेच. तुमच्या घरातल्या राउटरचा, म्हणजे इंटरनेट घरभर वाटणाऱ्या पेटीचा, नंबर बहुधा १९२.१६८.१.१ असतो. माझ्या घरच्या पेटीचाही तोच आहे. त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक घरात एक 'दादा' असतो. तुमच्या घरातल्या 'दादा' या हाकेला माझ्या घरातला दादा ओ देत नाही. पण एका घरात दोन दादा झाले, की एका हाकेला दोघे वळतात. आपला सारा बिघाड तो हाच.

घरातल्या फोनला, संगणकाला, प्रिंटरला हे नंबर कोण देतो? बहुतेक वेळा राउटरच देतो. नवे यंत्र घरात आले की ते विचारते, "मला नंबर द्या." राउटर आपल्या यादीत मोकळा असलेला नंबर काढून काही तासांच्या किंवा दिवसांच्या मुदतीने देतो. ही झाली तात्पुरती वहिवाट. काही यंत्रांना मात्र कारागीर हाताने कायमचा नंबर घालून देतो. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याची पेटी रोज एकाच नंबरावर सापडली पाहिजे, म्हणून हे करतात. करणे योग्यच. फक्त तो नंबर राउटरच्या वाटपातून बाहेर ठेवलेला हवा. नाहीतर कायमच्या धन्याच्या जागेवर राउटर तात्पुरते कूळ बसवतो, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

एका घरात काय झाले

भाटघर धरणाच्या फुगवट्यालगत भोर तालुक्यातले एक गाव आहे. गावाचे आणि घराचे नाव सांगत नाही, कारण माणसे भली आहेत आणि घर सुखाने नांदते आहे. तीन एकर भात, दोन म्हशी, एकत्र कुटुंब. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा शिरवळच्या बाजूला कारखान्यात पाळीने कामाला जातो. थोरल्या सुनेने बचत गटाचे कर्ज काढून संगणक आणि प्रिंटर घेतला. सातबारा, आठ-अ, आधारच्या प्रती, मुलांचे शाळेचे अर्ज ती छापून देते. भोरला जाऊन यायचे तर एसटीचे भाडे आणि अर्धा दिवस मोडतो, म्हणून आसपासच्या वाड्यांवरची माणसे तिच्याकडे येतात. रोज किती पाने छापली आणि किती पैसे आले, ते ती शाळेच्या दुरेघी वहीत लिहिते. त्या पैशावर कर्जाचा हप्ता निघतो.

एका वर्षी मे महिन्यात वळीव झाला. वीज अशी कडाडली की राउटर जळून गेला. मुलाने नवा आणून लावला. इंटरनेट सुरू झाले, प्रिंटरही चालला. चार दिवसांनी धाकट्याचे लग्न लागले आणि नवी सून घरात आली. त्या आठवड्यापासून प्रिंटर रुसला. एखाद्या दिवशी छापी, एरवी ढिम्म हलत नसे. दुकानदाराला फोनवर विचारले तर तो म्हणाला, प्रिंटरच जुना झाला, नवा घ्या.

पुढे आषाढ लागला. रीतीप्रमाणे नवी सून माहेरी गेली. आणि प्रिंटर सुतासारखा सरळ झाला! महिनाभर तक्रार नाही. आषाढ सरला, सून परत आली आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर पुन्हा बंद. ते दिवस नेमके खरीप पीकविम्याच्या मुदतीचे. कागद छापायला आलेली माणसे ओट्यावरून परत जाऊ लागली. मग जे व्हायचे तेच झाले. सासूबाई एक दिवस शेजारणीपाशी बोलून गेल्या, "पायगुण, दुसरं काय!" तो शब्द भिंतीतून आत गेला. सुनेला यंत्राच्या खोलीत जायची बंदी झाली. पोरगी कोणाला उलटून बोलली नाही, पण जेवणावरचे तिचे मन उडाले. "मला माहेरी पोचवा," असे तिने नवऱ्याला सांगितले होते, हे मला नंतर कळले.

मी त्या गावी भातात युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचण्याचे प्रात्यक्षिक घ्यायला गेलो होतो. काम आटोपून चहाला त्यांच्या ओट्यावर बसलो तेव्हा सासूबाईंनी सारी हकीकत सांगितली. आतल्या दारात सून उभी होती. ऐकायचे ते तिने ऐकले.

मी म्हटले, "अक्का, भात पिवळा पडला तर आपण काय विचारतो? काय बदललं? बी बदललं, खत बदललं, की पाणी तुंबलं? तसंच इथं विचारू. मे महिन्यात या घरात काय काय बदललं?"

"सून आली," अक्का म्हणाल्या.

"आणि?"

थोरला मुलगा म्हणाला, "राउटर जळाला, नवा बसवला."

म्हणजे एका आठवड्यात दोन गोष्टी नव्या आल्या होत्या. एक पेटी आणि एक माणूस. पेटीला कोणी काही बोलले नव्हते.

मी थोरल्या सुनेची वही मागितली. आषाढातली पाने चाळली. रोज दहा-वीस पानांचा हिशेब होता. फक्त एका दिवशी शून्य. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. मी विचारले, "या दिवशी का नाही छापलं?" ती आठवून म्हणाली, "त्या दिवशीसुद्धा बंदच होता. वन्सं आणि जावई आले होते मुक्कामाला."

"आणि जावयांचा फोन वाय-फायला लावला होता?"

"लावला होता. पासवर्ड मीच दिला."

धाकटी सून त्या दिवशी माहेरी होती. तरीही प्रिंटर बंद होता. एवढे झाल्यावर अक्का गप्प झाल्या, आणि मला खात्री वाटू लागली की हे काम नंबराचे आहे.

मी धाकट्या सुनेला पुढे बोलावले आणि तिचा फोन काढायला सांगितला. सेटिंगमध्ये वाय-फायवर जाऊन जोडलेल्या नावावर टिचकी मारली की खाली नंबर दिसतो. तिने वाचला: १९२.१६८.१.६. मग प्रिंटरची माहिती छापण्याची कळ दाबून त्याच्याच पोटातला कागद काढला. एवढा कागद छापायला त्याला राउटर लागत नाही. त्यावर नंबर होता: १९२.१६८.१.६.

कागद आणि फोन मी अक्कांपुढे ठेवले. अक्का चौथी शिकलेल्या. इंग्रजी आकडे त्यांना फोनमुळे येतात. बोट फिरवत त्यांनी दोन्ही वाचले. मग म्हणाल्या, "म्हंजी टपालवाल्यानं हिची पत्रं त्याला आन् त्याची हिला टाकली म्हणा की!"

मी म्हटले, "अगदी बरोबर. आणि नंबर हिनं मागून घेतला नाही. पेटीनं दिला."

हिशेब असा होता. जुना राउटर आपले वाटप १०० पासून पुढे करीत असे. म्हणून कारागिराने प्रिंटरला ६ नंबर दिला तेव्हा तो सुखरूप होता. नवा राउटर कंपनीतून आला तो २ पासून वाटप सुरू करणारा. थोरल्याचा फोन २, थोरल्या सुनेचा ३, धाकट्याचा ४, संगणक ५. अक्कांचा फोन कळांचा, त्याला वाय-फाय नाही. घरात सारी मिळून चार यंत्रे, तोवर प्रिंटर चालला. पाचवे यंत्र ज्याचे कोणाचे आले असते, त्याला ६ नंबर जायचा होता. आधी ते सुनेचे आले. ती माहेरी गेल्यावर मुदत संपून नंबर मोकळा झाला, तो एका रात्रीपुरता जावयांना मिळाला. रात्री प्रिंटर बंद असतो, शिवाय वीजही जाते. तो झोपलेला असताना राउटरला जागा रिकामीच दिसते. सकाळी प्रिंटर उठतो आणि आपल्याच नंबरावर दुसऱ्याला बसलेला पाहतो. मग संगणकाने घरात हाक दिली, "६ नंबर कोण?" की दोघे 'मी' म्हणतात. ज्याची ओ धरली गेली त्याच्याकडे पाने जातात. म्हणून कधी छापायचे, कधी नाही.

त्या दिवशी राउटरचे वाटप पुन्हा १०० पासून लावले. सगळे काम धाकट्या सुनेने केले, मी फक्त सांगत गेलो. अर्धा तासही लागला नाही. नवा प्रिंटर घ्यायचा वाचला. संध्याकाळी थोरल्या जावेने तिला यंत्रापाशी बसवून पीकविम्याचे कागद छापून घेतले. अक्कांनी तोंडाने काही कबूल केले नाही. वडीलधाऱ्या माणसाकडून तशी अपेक्षाही करू नये. पण मी निघताना त्या सुनेला म्हणाल्या, "साहेबांना काकड्या बांधून दे. आन् तू जेव आता."

तुमच्या घरी असे झाले तर

आता रीत सांगतो. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला जवळ बसवून वाचा.

पहिली गोष्ट, खूण ओळखा. सामान बदलल्यावर एखादे यंत्र कधी चालते, कधी बंद पडते, आणि पाहुणे आले किंवा वीज जाऊन आली की बिघडते, तर नंबराचा संशय धरा. विंडोजचा संगणक काही वेळा स्वतःच 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा निरोप दाखवतो. त्याचा अर्थ, माझ्या नंबरावर दुसरा कोणी आहे. नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्या यंत्राला कोणी नंबरच दिलेला नाही. तेथे आधी तार आणि राउटर तपासा.

दुसरी गोष्ट, परीक्षा घ्या. प्रिंटरचा नंबर कागदावर लिहा आणि प्रिंटरची वीज काढा. मग संगणकाच्या काळ्या खिडकीत, जिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात, 'पिंग' हा शब्द इंग्रजीत लिहून जागा सोडून तो नंबर टाका. पिंग म्हणजे त्या नंबराच्या दारावर थाप. घरधनी बाहेर असताना थाप मारली आणि आतून ओ आली, तर आत दुसरा कोणी आहे हे नक्की. ओ आली नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. काही यंत्रे थापेला उत्तरच देत नाहीत. तेव्हा प्रत्येक फोनचा नंबर पाहून घ्या.

तिसरी गोष्ट, दुरुस्ती. राउटरच्या पाठीवर किंवा पोटाशी चिकटवलेला कागद असतो. त्यावर त्याचा नंबर, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. इंटरनेट पाहतो त्या खिडकीत वरच्या ओळीत तो नंबर टाकला की राउटरचे पान उघडते. त्यात 'डीएचसीपी' नावाचा भाग शोधा. डीएचसीपी म्हणजे नंबर वाटण्याचे खाते. तेथे सुरुवातीचा नंबर १०० आणि शेवटचा १९९ असा करा आणि 'सेव्ह' करा. म्हणजे २ ते ९९ हे नंबर तुमच्या हातात राहिले. प्रिंटर, कॅमेऱ्याची पेटी यांना त्यांतले नंबर द्या. मग राउटर बंद करून चालू करा आणि सर्व फोनचे वाय-फाय एकदा बंद-चालू करा, म्हणजे जो तो नवा नंबर घेईल.

दुसरीही एक वाट आहे. प्रत्येक यंत्राच्या कार्डाला कारखान्यातून एक खूणनंबर मिळालेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखा तो असतो. 'या बिल्ल्याला हाच नंबर' असे राउटरमध्ये लिहून ठेवता येते. पण लक्षात असू द्या, आतले कार्ड बदलले की बिल्ला बदलतो आणि जुनी राखण निरुपयोगी होते. नव्या बिल्ल्याची नोंद पुन्हा करावी लागते. आजकालचे फोन तर ओळख लपवण्यासाठी वाय-फायला खोटा बिल्ला दाखवतात. म्हणून ही राखण जागचे न हलणाऱ्या यंत्रांनाच करा, फोनना नको.

मयत खातेदार

आणखी एक प्रकार माझ्या भोरच्या घरी झाला. संगणकातले तार जोडायचे कार्ड विजेने गेले. नवे कार्ड बसवले आणि त्याला जुन्या कार्डाचाच नंबर देऊ लागलो. संगणक म्हणाला, हा नंबर आधीच दुसऱ्या कार्डाकडे आहे. दुसरे कार्ड कुठले? ते तर जळून टेबलावर पडले होते!

शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. आजोबा जाऊन दहा वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर नाव आजोबांचेच. वारसनोंद घातली नाही, फेरफार झाला नाही, की बँक म्हणते खातेदाराला आणा. विंडोजही तसेच करते. काढलेल्या कार्डाचे नाव आणि त्याचा नंबर ती आपल्या दप्तरातून आपोआप खोडत नाही.

उपाय म्हणजे ती जुनी नोंद कमी करणे. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. वरच्या 'व्ह्यू' मधून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. मग 'नेटवर्क अडॅप्टर्स' या मथळ्याखाली काही नावे फिक्या रंगात दिसतील. त्यांतले काढलेल्या जुन्या कार्डाचे नाव ओळखा, माउसची उजवी कळ दाबा आणि 'अनइन्स्टॉल' करा. जपून, बाकीची फिकी नावे संगणकाच्या स्वतःच्या कामाची असू शकतात, त्यांना हात लावू नका. मयताचे नाव कमी करताना जिवंत भावाचे खोडले, असे व्हायला नको. संगणक बंद करून चालू करा आणि नव्या कार्डाला नंबर द्या. विनातक्रार घेतो.

एका गावात दोन तलाठी

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. नवा राउटर आला की जुना चांगला असेल तर आपण टाकत नाही. काटकसर ही आपली चांगलीच सवय. वेल्ह्याच्या बाजूला एका घरी जुना राउटर गोठ्याकडच्या खोलीत तारेने जोडला, की तिकडेही वाय-फाय मिळावे. हेतू चांगला. पण दोन्ही पेट्यांचा स्वतःचा नंबर १९२.१६८.१.१, आणि दोन्ही पेट्या नंबर वाटणाऱ्या. म्हणजे एका सजेला दोन तलाठी, दोघांची दप्तरे निराळी. एकाने जो नंबर एकाला दिला तोच दुसऱ्याने दुसऱ्याला दिला. सारे घर हैराण.

यावर उपाय असा. जुनी पेटी आधी एकटीच संगणकाला जोडा. तिचा स्वतःचा नंबर बदलून १९२.१६८.१.२ करा. तो मुख्य पेटीच्या वाटपाबाहेर असला पाहिजे आणि दुसऱ्या कोणाला दिलेला नसावा. नंतर तिचे डीएचसीपी बंद करा. शेवटी मुख्य पेटीकडून येणारी तार तिच्या वेगळ्या रंगाच्या 'वॅन' भोकात न घालता साध्या 'लॅन' भोकात घाला. आता ती पेटी फक्त वाय-फाय पसरवील, नंबर वाटणार नाही. तलाठी एकच राहिला.

वहीचे एक पान

या साऱ्यावर कायमचा उपाय मात्र यंत्रात नाही, वहीत आहे. घरात एका माणसाकडे हे काम द्या. सुनेकडे द्या, मुलीकडे द्या, ज्याला आवड असेल त्याच्याकडे द्या. पण एकाकडेच द्या. हिशेबाच्या वहीत एक पान राखा. त्यावर लिहा: राउटरचा नंबर आणि त्याच्या पानाचा पासवर्ड, वाटप कुठून कुठवर, प्रिंटरचा नंबर, कॅमेऱ्याच्या पेटीचा नंबर, दुसरा राउटर असल्यास त्याचा नंबर. सामान केव्हा बदलले ती तारीखही टाका. नवा राउटर आणलात तर पहिल्या दिवशी हे पान उघडून तेच आकडे त्याच्यात घाला. कारागीर बाहेरचा असेल तर तो गेल्यावर 'कुठला नंबर दिलात?' हे विचारायला फोन करण्यापेक्षा तो असतानाच वहीत लिहून घ्या. मी वर सांगितलेल्या घरातही खरे काय ते थोरल्या सुनेच्या वहीनेच सांगितले.

आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की राउटर व संगणक नुसते कळ दाबून बंद करू नका. विजेचा पिन भिंतीतून काढा आणि तांब्याची तार येत असेल तर तीही सोडवा. आपल्या डोंगराकडच्या गावांत मे महिन्यात जितकी यंत्रे जातात तितकी वर्षभरात दुसऱ्या कशाने जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसाधारण ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले, पिनकोडनंतर बरोबर २३ वर्षांनी. पहिले टपाल गावात आणायला पोस्टमन होता. पत्ता चुकला तर ओट्यावर बसून विचारून घेई. या नव्या टपालाचा पोस्टमन आपल्याच घरातली मुकी पेटी आहे. तिला विचारता येत नाही, आपणच नीट सांगून ठेवावे लागते. म्हणून घरात काही बिघडले की 'कोण आले?' असे विचारण्याआधी 'काय बदलले?' असे विचारा. आणि वहीचे ते पान आजच रात्री जेवणे झाल्यावर लिहायला घ्या. आकडे वाचून दाखवायला घरातल्या धाकट्या सुनेला सांगा.